पडद्यामागचे पहिले वर्ष

नोकरीनिमित्त परप्रांतात राहणाऱ्या एका स्नेह्यांचे मध्यंतरी पत्र आले. त्यांच्या कन्येने नेहमीचा रुळलेला मार्ग सोडून एका विद्यापीठाच्या नाट्यविभागात प्रवेश घेतला आहे. वडिलांनी प्रारंभी थोडी कुरकुर केली. पुढे, नाटक म्हटले की मराठी माणसाच्या मनात जे एक ममत्व असते त्याने त्यांच्यावर मात केली आणि त्यांनी संमती दिली. पहिले सत्र संपवून मुलगी घरी आली तेव्हा घरच्यांनी मोठ्या उत्सुकतेने विचारले, "काय काय शिकलीस?" तिने तळहातावरचे घट्टे दाखविले. चार महिन्यांत तिने फळ्या कापल्या, लाकडी चौकटींवर कापड ताणून बसविले, दिव्यांच्या तारा गुंडाळल्या, वरच्या वर्गाच्या प्रयोगाचे सामान मोजून मांडले आणि रोज सकाळी रंगमंच झाडला. भूमिका म्हणावी अशी एकही तिच्या वाट्याला आली नव्हती. "हे शिकावयास विद्यापीठ कशाला हवे?" असा प्रश्न माझ्या स्नेह्यांनी पत्राच्या अखेरीस विचारला आहे.

प्रश्न एका वडिलांचा आहे, आणि तो स्वाभाविक आहे. परंतु त्या प्रश्नामागे नाटकाविषयीची जी समजूत उभी आहे ती केवळ त्यांची नाही. आपल्या नाट्यसमीक्षेचीही समजूत बहुतांशी तीच आहे. नाटक म्हणजे लेखकाने लिहिलेले शब्द आणि नटाने ते बोलण्याची रीत. उरलेले सारे सुताराचे, शिंप्याचे आणि तारतंत्र्याचे काम, असे आपण मानीत आलो आहोत. म्हणून या पत्राचे उत्तर खाजगी न ठेवता येथे द्यावेसे वाटते. माझे म्हणणे थोडक्यात असे : नाट्यविद्यार्थ्याचे पहिले वर्ष हातोडा, दिवा आणि सामानाची यादी यांत जाते ते कारागिरी शिकण्यासाठी तर आहेच, पण त्याहून अधिक ते नाटक वाचावयास शिकण्यासाठी आहे. ज्या वाचनाला या हातांचा अनुभव नाही ते वाचन अपुरे राहते, आणि आपली समीक्षा तशी अपुरी राहिली आहे.

कोणतेही नाट्यपरीक्षण काढून पाहावे. प्रारंभी कथानकाचा सारांश असतो. मग पात्रांच्या मनोव्यापारांची चिकित्सा असते. त्यानंतर नटनटींच्या कामाविषयी दोन-तीन परिच्छेद असतात. आणि अगदी शेवटी, जाता जाता, एक वाक्य येते : 'नेपथ्य व प्रकाशयोजना समर्पक होती.' कशाला समर्पक, कोणत्या क्षणी समर्पक, आणि ती निराळी असती तर नाटकाचा अर्थ कसा बदलला असता, हे सांगण्याची जबाबदारी परीक्षक घेत नाही. अनेक माणसांच्या अनेक दिवसांच्या श्रमांची वासलात एका विशेषणाने लागते.

या सवयीला कारणे आहेत. आपली रंगभूमी गाण्यावर आणि भाषेवर वाढली. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले आणि १८८० साली पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' आणले. तेव्हापासून प्रेक्षक नाट्यगृहात गेला तो मुख्यतः ऐकावयास. पुढे खाडिलकर-गडकऱ्यांच्या काळात भाषेचे वैभव असे काही फुलले की लोक घरी बसून भाषणे पाठ करू लागले. महाविद्यालयांत नाटक शिरले तेही पाठ्यपुस्तक म्हणून. कादंबरीला लावावयाची मापे नाटकाला लावून आपण पिढ्यान्‌पिढ्या उत्तरपत्रिका लिहिल्या. प्रस्तुत लेखकही याच शाळेतला आहे, हे कबूल केले पाहिजे.

परंतु या मापांनी आपल्याच रंगभूमीचा इतिहास नीट सांगता येत नाही, याचे एक उदाहरण ठळक आहे. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले. श्री. वि. वर्तकांनी ते ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या नाटकाच्या आधारे लिहिले होते. केवळ संहिता हाती घेतली तर त्या काळच्या चार चांगल्या नाटकांपेक्षा ती फार उंच आहे असे म्हणवत नाही. तरीही मराठी रंगभूमीच्या प्रत्येक इतिहासात या नाटकाला एका वळणाचे स्थान मिळते. ते का? रंगविलेल्या पडद्यांऐवजी खऱ्या घरासारखी उभारलेली खोली, स्त्रीभूमिका करणाऱ्या स्त्रिया, आटोपशीर कालावधी आणि मोजके संगीत, असा सगळा प्रयोगच निराळा होता म्हणून. म्हणजे इतिहास लिहिताना आपण प्रयोगाला मान देतो आणि परीक्षण लिहिताना मात्र त्याला एका वाक्यात आटोपतो. ही विसंगती दूर व्हावयास हवी.

शास्त्राच्या आधाराने पाहू गेल्यास प्राचीनांची दृष्टी निराळी होती असे दिसते. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत १९२६ पासून नाट्यशास्त्राचे जे खंड निघाले ते अनेक वाचकांच्या परिचयाचे असतील. त्या ग्रंथात रसाचा विचार सहाव्या अध्यायात येतो. नाट्यगृह कसे बांधावे हे मात्र दुसऱ्याच अध्यायात सांगितले आहे. मध्यम आकाराचे आयताकृती नाट्यगृह चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद असावे, असे भरतमुनी म्हणतात. हात दीड फुटाचा धरला तर हे माप शहाण्णव फूट बाय अठ्ठेचाळीस फूट होते. याहून मोठे का नको, याचे त्यांनी दिलेले कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे : घर फार मोठे झाले तर नटाचे शब्द अस्पष्ट होतात आणि मुखावरचे भाव प्रेक्षकाला दिसत नाहीत. म्हणजे फुटपट्टीचा प्रश्न हा रसाचाच प्रश्न आहे. पुढे नाट्यमंडळीत कोण कोण असावे याची यादी देताना सूत्रधार आणि विदूषक यांच्याबरोबर मुकुट करणारा, माळा करणारा, चित्रकार, कपडे धुणारा-रंगविणारा आणि कारागीर यांचीही गणना त्यांनी केली आहे. आज आपण ज्यांना श्रेयनामावलीच्या तळाशी लहान अक्षरांत छापतो ती माणसे तेथे एकाच पंगतीला बसलेली आहेत.

विद्यापीठांनी मात्र ही पंगत मान्य करावयास बराच वेळ घेतला. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज पियर्स बेकर नावाचे इंग्रजीचे प्राध्यापक विसाव्या शतकाच्या आरंभी नाट्यलेखनाचा वर्ग चालवीत. लिहिलेले नाटक उभे करून पाहिल्याशिवाय त्याचे गुणदोष कळत नाहीत, हे ध्यानी येऊन त्यांनी वर्गाला जोडून एक कार्यशाळा काढली. युजीन ओनील हा पुढे जगप्रसिद्ध झालेला नाटककार १९१४ साली त्यांच्या वर्गात होता. पण विद्यापीठ या उद्योगाला रंगमंदिर देईना आणि नाट्यविद्येला पदवीची प्रतिष्ठाही देईना. शेवटी १९२५ साली बेकर येल विद्यापीठात गेले. दरम्यान १९१४ सालीच पिट्सबर्ग येथील कार्नेगी संस्थेने नाट्यविषयात पदवी देण्यास प्रारंभ केला होता. ती संस्था तंत्रशिक्षणाची होती ही गोष्ट अर्थपूर्ण आहे : जेथे हाताने काम करण्याची लाज नव्हती तेथे नाटकाला दार लवकर उघडले. ब्रिटनमध्ये पहिला नाट्यविभाग निघावयास १९४७ साल उजाडावे लागले. तो ब्रिस्टल विद्यापीठात निघाला.

आपल्याकडे सयाजीरावांनी बडोद्यास १८८६ साली काढलेल्या संगीतशाळेचा वारसा पुढे तेथील विद्यापीठाकडे आला आणि त्यात नाट्यशिक्षणाची भर पडली. दिल्लीस १९५९ साली संगीत नाटक अकादमीच्या छत्राखाली राष्ट्रीय नाट्य विद्यालय सुरू झाले. कलकत्त्यास रवींद्र भारती विद्यापीठ १९६२ चे, आणि पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ चे. नाट्यवेडा म्हणविणाऱ्या महाराष्ट्राचा क्रम या यादीत कोठे लागतो हे वाचकांनीच पाहावे.

आता पहिल्या वर्षाकडे वळू. अशा शिक्षणाचा सर्वसाधारण शिरस्ता असा असतो की, पुढे कोणाला नट व्हावयाचे असो, दिग्दर्शक व्हावयाचे असो की लेखक, प्रारंभी प्रत्येकाने प्रत्येक खात्यातून जावयाचे. माझ्या स्नेह्यांना जे अनावश्यक कष्ट वाटले त्यांत काय शिकविले जाते ते एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट माप. संहितेत 'तो उठून दाराकडे जातो' एवढेच लिहिलेले असते. दार खुर्चीपासून सहा फुटांवर ठेवले तर तो दोन पावलांत जातो. अठरा फुटांवर ठेवले तर सहा-सात पावले लागतात, आणि तेवढ्या वेळात मागे बसलेल्या पात्राला त्याला हाक मारण्याची, किंवा न मारण्याची, संधी मिळते. दाराची चौकट स्वतः उभी केलेल्या विद्यार्थ्याला हे अंतर अंगाने कळते. पुढे तो नाटक वाचील तेव्हा मौनाची लांबी फुटांत मोजील.

दुसरी गोष्ट वीज. २३० व्होल्टच्या प्रवाहावर हजार वॉटचा एक दिवा सुमारे ४.३ अँपिअर वीज ओढतो. पंधरा अँपिअरच्या जोडणीवर असे तीन दिवे चालतात; चौथा लावला की भार सतराच्या वर जातो, फ्यूज उडतो आणि नाट्यगृहात अंधार होतो. आता कमी वीज घेणारे एलईडी दिवे आले आहेत, त्यामुळे हा हिशेब पुष्कळ सैल झाला. तरी त्यातला धडा शिळा झालेला नाही. प्रकाश अमर्याद नसतो. तो कोठे द्यावयाचा आणि कोठे नाकारावयाचा हे ठरवावे लागते. येल येथे शिकविणाऱ्या स्टॅन्ली मॅकँडलेस यांनी १९३२ साली आपल्या पुस्तकात जी पद्धत मांडली, नटाच्या दोन्ही बाजूंनी तिरपे दिवे, एक उबदार छटेचा आणि एक थंड छटेचा, ती आजही नवशिक्याला प्रथम शिकवितात. ती शिकताना विद्यार्थ्याला उमगते की चेहरा नुसता 'दिसत' नसतो, तो दाखवावा लागतो. १९५९ साली उत्पल दत्तांच्या 'अंगार' नाटकात तापस सेन यांनी कोळशाच्या खाणीत शिरणारे पाणी केवळ दिव्यांनी उभे केले होते. तेथे प्रकाश संवादांच्या साहाय्याला आलेला नव्हता. त्या प्रसंगाचा आशयच प्रकाशात होता. अशा प्रयोगाला 'समर्पक प्रकाशयोजना' म्हणणे हा विनोद ठरेल.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, सामानाची यादी. हे काम पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे हटकून येते, कारण ते कंटाळवाणे असते. संहिता ओळीओळीने वाचून कोणती वस्तू कोणत्या प्रवेशात लागते, ती कोण आणतो, कोण नेतो, कोठे ठेवतो, हे लिहून काढावयाचे. तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे १९६७ साली रंगभूमीवर आलेले नाटक यासाठी घेऊन पाहावे. या नाटकावर आपल्याकडे विपुल लिहिले गेले : समाजाची हिंसा, स्त्रीची कोंडी, न्यायाचे विडंबन. हे सारे खरे आहे. पण यादी करावयास बसलेल्या विद्यार्थ्याच्या दोन गोष्टी प्रथमच नजरेत भरतात : दाराची कडी आणि हिरवा कापडी पोपट.

पडदा उघडतो तेव्हा गावातला साधाभोळा सामंत आणि बेणारेबाई रिकाम्या सभागृहात शिरतात. शिरतानाच बाईंचे बोट कडीत सापडते. ही कडी नीट सरकवली नाही आणि दार लोटले तर माणूस आत अडकून पडतो, हे सामंत अगदी सहज सांगून टाकतो. प्रेक्षक ते विसरतो. दुसऱ्या अंकाच्या अखेरीस, खेळातला खटला खेळ राहिलेला नाही हे कळल्यावर, बेणारेबाई बाहेर जाण्यासाठी दाराकडे धाव घेतात आणि दार उघडत नाही. त्यांना कोंडणारा कोणी दुष्ट मनुष्य नाही. एक साधी, नादुरुस्त, सर्वांच्या सवयीची झालेली कडी आहे. समाजाच्या क्रौर्याविषयी याहून अचूक भाष्य त्या नाटकातल्या कोणत्याही भाषणात नाही. पोपटाचेही तसेच. घरच्या मुलासाठी म्हणून सामंताने घेतलेले ते खेळणे नाटकभर तेथेच असते. ज्या स्त्रीवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवून करमणूक चालली आहे तिच्यासमोर एका मुलाचे खेळणे सतत आहे. आणि अखेरीस सारे निघून गेल्यावर निश्चल पडलेल्या बाईंजवळ तो भला माणूस पोपट ठेवतो. सांत्वनाला एवढीच वस्तू शिल्लक राहते. पुस्तक वाचणाऱ्याला रंगसूचनेतला तो पोपट ओलांडून जाता येतो. तो शिवून, कापूस भरून, रोज प्रयोगापूर्वी जागेवर ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला तो ओलांडता येत नाही. यालाच मी वाचन म्हणतो.

या मतावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, तंत्राचे एवढे स्तोम माजविले तर रंगभूमीवर सामानाची गर्दी होईल. फिरते रंगमंच आणि झगमगते दिवे यांखाली नाटक गुदमरेल. भीती निराधार नाही. असे प्रयोग आपण पाहिले आहेत. परंतु तो दोष बहुधा तंत्र अर्धवट कळल्याचा असतो. ज्याला साहित्याचे स्वरूप कळले त्याला ते वर्ज्यही करता येते. १९७२ सालच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये माणसांची एक रांग हाच पडदा होता, तीच भिंत होती आणि तोच पुण्याचा समाज होता. लाकूड आणि कापड यांच्या मर्यादा ओळखल्यावाचून माणसांची भिंत सुचत नाही. दिल्लीच्या विद्यालयाचे १९६२ ते १९७७ पर्यंत संचालक असलेले, पुण्यास जन्मलेले इब्राहिम अल्काझी यांनी १९६३ साली धर्मवीर भारतींचे 'अंधा युग' फिरोजशाह कोटल्याच्या भग्नावशेषांत केले. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जगाचे ते नाटक. त्यासाठी उद्ध्वस्त वास्तूच नेपथ्य म्हणून निवडणे हा सुतारकामाचा नव्हे, संहितेच्या वाचनाचा पराक्रम होता. मात्र उघड्या जागेत आवाज कसा पोहोचेल, दिवे कोठे बांधता येतील, हे ज्याला ठाऊक नाही त्याने तो केला नसता.

दुसरा आक्षेप कोणी उघड बोलून दाखवीत नाही, पण तो माझ्या स्नेह्यांच्या पत्रात ओळींच्या मधोमध आहे. झाडणे, ठोकणे, शिवणे ही 'आपली' कामे नव्हेत. आपल्या समाजात बुद्धीचे काम आणि हाताचे काम यांची वाटणी जन्मावरून झाली, आणि नाट्यसंस्थांत ती तशीच उतरली. ज्या सहकाऱ्याने गडद अंधारात आठ सेकंदांत मंच बदलला त्याचे नाव परीक्षकाला ठाऊक नसते, आणि पुष्कळदा नटालाही नसते. विद्यापीठात आलेल्या मुलीच्या हाती पहिल्याच दिवशी केरसुणी दिली जाते तेव्हा तिला झाडणे शिकविण्याचा हेतू नसतो. ज्या मंचावर ती पुढे टाळ्या घेणार आहे तो रोज कोणीतरी झाडतो, एवढे तिच्या अंगी मुरावे हा हेतू असतो. माझ्या मते विद्यापीठाने देण्याजोगे हे शिक्षण आहे, आणि नाट्यविभागाबाहेरही ते दिले तर बरे होईल.

परप्रांतातील महाराष्ट्र मंडळांत ज्यांची उमेद गणेशोत्सवातल्या नाटकावर पोसली आहे त्यांना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. कचेरी सुटल्यावर दोन महिने तालमी चालतात. पाठांतर चोख होते. उच्चारांवर वाद झडतात. सभागृह मात्र प्रयोगाच्या दिवशी दुपारी ताब्यात मिळते. भाड्याचा सोफा त्याच वेळी प्रथम दिसतो, तो दाराच्या आड येतो, आणि दोन महिने डावीकडून आलेला नायक ऐनवेळी उजवीकडून येतो. या धांदलीला आपण हौस म्हणून क्षमा करतो. खरे पाहता हा वाचनातला दोष आहे. सोफ्याची लांबी पहिल्या तालमीतच जमिनीवर खडूने आखता आली असती. सामानाची यादी पहिल्या आठवड्यात करता आली असती. आणि दिव्यांसह एक तालीम हवी म्हणून आग्रह धरता आला असता. यांपैकी कशालाही पैसा लागत नाही.

माझ्या स्नेह्यांना मी उत्तरादाखल लिहिले आहे ते एवढेच : यंदा तुमच्या मंडळाने जे नाटक निवडले आहे त्याची संहिता सुट्टीत कन्येच्या हाती द्या आणि तिला भूमिका देऊ नका, सामानाची यादी करावयास सांगा. यादी झाली की तुम्ही दोघे ती घेऊन बसा, आणि प्रत्येक वस्तू तेथे कशासाठी आहे हे तिला विचारा. पहिल्या सत्रात ती काय शिकली याचे उत्तर तुम्हांस तेथे मिळेल. आणि प्रयोगानंतर मंडळाच्या वार्षिकात परीक्षण लिहिण्याची पाळी तुमच्यावर आली, तर 'समर्पक' हा शब्द तेवढा वापरू नका.